रहस्यकथेतील स्थळ : उद्दीपन, प्रमाण आणि हेत्वाभास

व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी रहस्यकथेचा विचार करताना तिच्यातील गुप्तहेर, गुन्हा आणि उकल या तीन अंगांचे विवेचन सामान्यतः केले जाते. स्थळाचा उल्लेख येतो तो 'वातावरणनिर्मिती' या शीर्षकाखाली, आणि तोही दोन-चार वाक्यांत. लंडनचे धुके, उजाड माळ, ओसाड वाडा, विझत चाललेला दिवा अशी सामग्री लेखकाने जमविली म्हणजे वाचकाच्या मनात भय उत्पन्न होते, एवढे सांगून समीक्षक पुढे जातात. हे सांगणे खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. धुके आणि ओसाड वाडा ही सामग्री रहस्यकथेच्या जन्मापूर्वीच इंग्रजी कादंबरीत विपुल होती. होरेस वॉल्पोलचा 'कॅसल ऑफ ऑट्रँटो' १७६४ चा, तर ॲन रॅडक्लिफची 'मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' १७९४ ची. पडके किल्ले आणि भुयारे त्या कादंबऱ्यांत भरपूर आहेत, पण त्या रहस्यकथा नव्हेत. मग व्हिक्टोरियाच्या राज्यकाळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या अवधीत, स्थळाला असे कोणते नवे कार्य प्राप्त झाले की ज्यामुळे एक नवा वाङ्मयप्रकार उभा राहिला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आणि त्याचबरोबर, ही कथा मराठीत आली तेव्हा तिच्या स्थळाचे काय झाले, हेही पाहावयाचे आहे.

१

आपल्या साहित्यशास्त्रात रसनिष्पत्तीचे विवेचन करताना विभावाचे दोन प्रकार मानले आहेत. ज्याच्या आश्रयाने भाव उत्पन्न होतो तो आलंबनविभाव, आणि उत्पन्न झालेला भाव ज्याने वाढीस लागतो तो उद्दीपनविभाव. चांदणे, उपवन, मेघ, स्मशान ही उद्दीपनाची परिचित उदाहरणे होत. या परिभाषेत बोलावयाचे तर रॅडक्लिफच्या कादंबरीतील किल्ला हा भयानकाचा उद्दीपनविभाव आहे. तो भय वाढवितो. परंतु कथेत जे घडले त्याविषयी तो काही सांगत नाही. त्या किल्ल्याच्या जागी दुसरा तितकाच भयाण किल्ला ठेवला तर कथानकाला बाध येणार नाही.

रहस्यकथेत असे करता येत नाही. येथे स्थळ भाव तर वाढवितेच. पण त्याशिवाय ते घडलेल्या गोष्टीचे चिन्ह स्वतःवर बाळगून असते. चिखलातील पाऊल, दारावरील रंग, खिडकीची कडी, राखेचा कण ही सारी स्थळाचीच अंगे. त्यांच्यावरून अनुमान निघते. म्हणून येथे साहित्यशास्त्राइतकेच न्यायशास्त्राचेही साहाय्य घ्यावे लागते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे अनुमानाचे परिचित उदाहरण. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि डोंगर हा पक्ष. उदाहरण स्थळाचे आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे: जेथे काही घडले ते स्थळच पक्ष असते, आणि त्या स्थळावर दिसणारे चिन्ह हाच हेतू असतो. शेरलॉक होम्स गुडघ्यांवर बसून भिंग लावतो तेव्हा तो हाच व्यापार करीत असतो.

परंतु नैयायिकांनी त्याच उदाहरणात एक धोकाही दाखवून ठेवला आहे. लांबून पाहणारा धुक्यालाच धूर समजला, तर अग्नीचे अनुमान फसते. हेतूसारखा दिसतो, पण हेतू नव्हे, असा हा आभास. लंडनच्या ज्या धुक्याची इतकी वर्णने आपण वाचतो ते तर खरोखरच धूर आणि धुके यांचे मिश्रण होते. घरोघरच्या शेगड्यांत आणि कारखान्यांत जळणाऱ्या कोळशाचा धूर टेम्सच्या काठच्या ओलसर हवेत अडकून राही. १९५२ च्या डिसेंबरात अशाच धुक्याने काही दिवसांत हजारोंचे बळी घेतले, आणि त्यानंतर १९५६ मध्ये इंग्लंडात हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला. तात्पर्य, ज्या नगरीत ही कथा वाढली त्या नगरीत धूर आणि धुके वेगळे करून दाखविणे डोळ्यांना कठीणच होते. रहस्यकथेच्या स्थळाचे तिसरे कार्य यातून सूचित होते: ते वाचकाला आणि पात्रांना चुकीचे कारण आयते पुरविते.

उद्दीपन, प्रमाण आणि हेत्वाभास अशी ही तीन कार्ये आहेत. पहिल्याने भय उत्पन्न होते, दुसऱ्याने उकल शक्य होते, तिसऱ्याने उकल लांबते. रहस्यकथेतील ताण म्हणून ज्याचा आपण उल्लेख करतो तो या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्यांमधील ओढाताणीतून निर्माण होतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

हे स्थित्यंतर एकदम झाले नाही. चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' या १८५२-५३ मधील कादंबरीत त्याची मधली पायरी आढळते. आरंभीचे धुके सुप्रसिद्ध आहे. ते नदीवर आहे, रस्त्यावर आहे, आणि त्याच्या मध्यभागी चॅन्सरीचे न्यायालय आहे. हे धुके उद्दीपनाचे आहे आणि रूपकाचेही आहे. पण त्यावरून कोणतेही अनुमान निघत नाही. याच कादंबरीत इन्स्पेक्टर बकेट हा इंग्रजी कादंबरीतील आरंभीच्या पोलीस गुप्तहेरांपैकी एक अवतरतो, आणि तो 'टॉम-ऑल-अलोन्स' या गलिच्छ वस्तीत हातातील कंदील घेऊन शिरतो. येथे स्थळाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. आतापर्यंत ज्या अंधाराने केवळ भिवविले त्या अंधारात कोणीतरी हेतुपुरस्सर उजेड पाडीत आहे.

या पालटाला समाजस्थितीचे कारण होते. लंडनची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे दहा लाख होती. शतक संपताना महानगरात ती पासष्ट लाखांच्या आसपास गेली. खेड्यात प्रत्येक मनुष्य कोणाचा कोण हे सर्वांस ठाऊक असते. महानगरात शेजारच्या खोलीतील मनुष्यही अनोळखी असतो. १८२९ मध्ये लंडनचे पोलीस दल स्थापन झाले आणि १८४२ मध्ये त्यात आठ जणांची गुप्तहेर शाखा निघाली. अनोळखी माणसांच्या गर्दीत खुणा वाचणारा मनुष्य हवा, ही गरज प्रथम समाजात उत्पन्न झाली आणि मग वाङ्मयात.

त्या आठ जणांपैकी जोनाथन विचर याला १८६० मध्ये विल्टशर परगण्यातील रोड या गावी पाठविण्यात आले. एका संपन्न घरातील सुमारे चार वर्षांच्या मुलाचा रात्री खून झाला होता. घर आतून बंद होते. म्हणजे खुनी घरातलाच असला पाहिजे. विचरने घरातील सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला, आणि त्याचा भर होता तिच्या कपड्यांतून नाहीशा झालेल्या रात्रीच्या झग्यावर. प्रतिष्ठित कुटुंबाच्या शयनगृहात पोलिसाने डोकावावे हेच लोकांना असह्य झाले. विचरची निर्भर्त्सना झाली. पुढे १८६५ मध्ये त्या मुलीनेच कबुलीजबाब दिला. या प्रकरणाने इंग्रज वाचकाच्या मनात एक गोष्ट रुजविली: भय दूरच्या पडक्या किल्ल्यात नाही, ते आपल्याच जिन्यावर आणि आपल्याच बंद दारामागे असू शकते.

विल्की कॉलिन्सने १८६८ मध्ये लिहिलेल्या 'मूनस्टोन' या कादंबरीत नाहीशा झालेल्या झग्याचा हाच धागा घेतला. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पाडावात लुटलेला हिरा इंग्लंडातील यॉर्कशरच्या एका घरी येतो आणि एका रात्रीत नाहीसा होतो. नायिकेच्या दिवाणखान्याच्या दारावर ताजा रंग दिलेला आहे, आणि त्या रंगावर कशाचा तरी पुसट फराटा उमटला आहे. स्थानिक पोलीस अधिकारी तो दासींच्या घागऱ्यांचा म्हणून सोडून देतो. सार्जंट कफ मात्र विचारतो की, रंग सुकावयास किती वेळ लागतो? बारा तास, असे उत्तर मिळते. मध्यरात्री फराटा नव्हता, आणि पहाटे तीनपर्यंत रंग सुकून जाणार होता. म्हणजे त्या तीन तासांत कोणीतरी या दारातून गेले, आणि त्याच्या कपड्याला रंग लागलेला असलाच पाहिजे. दार हे येथे केवळ दार राहिले नाही. ते घड्याळही झाले आणि साक्षीदारही झाले.

याच कादंबरीतील दुसरे स्थळ म्हणजे समुद्रकाठची थरथरणारी वाळू. भरती-ओहोटीच्या वेळी तिचा पृष्ठभाग कापतो, आणि तिच्यात जे पडेल ते ती गिळते. रोझाना ही दुर्दैवी दासी तिच्यात देह टाकते. येथवर हे भयानकाचे उद्दीपन. परंतु त्याच वाळूत तिने एक पेटी साखळीला बांधून लपविलेली असते. ठराविक वेळी ठराविक जागी उभे राहिले तर ती साखळी हाती लागते, आणि पेटीत रंगाचा डाग लागलेला झगा व त्यावरील नाव सापडते. जी वाळू गिळते तीच पुरावा जपून ठेवते. हे दुहेरीपण रॅडक्लिफच्या किल्ल्यात नव्हते. शिवाय या स्थळाला स्वतःचे वेळापत्रक आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

३

आर्थर कॉनन डॉइल याच्या कथांत ही तिन्ही कार्ये एकवटलेली दिसतात. 'स्पेकल्ड बँड' ही कथा 'स्ट्रँड' मासिकाच्या फेब्रुवारी १८९२ च्या अंकात आली. सरे परगण्यातील स्टोक मोरन हे जुने घर. त्याचा एक भाग मोडकळीस आलेला. आवारात मोकळे फिरणारे चित्ता आणि वानर. बाहेर जिप्सींचे तळ. वाचक भयभीत होतो, हे उद्दीपन. मुली रात्री दार-खिडक्या घट्ट लावून निजतात, आणि त्यामुळे खोली अभेद्य होते. बहीण मरताना पट्ट्याचा उल्लेख करते, आणि जिप्सींच्या डोक्यावरील ठिपकेदार रुमाल वाचकाला आठवतात. होम्सही काही काळ त्याच वाटेने जातो, आणि शेवटी तसे मान्य करतो. हा हेत्वाभास. मग तो खोली पाहतो. घंटेची दोरी ओढली तर वाजत नाही. हवेचा झरोका बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडतो. पलंग जमिनीला ठोकलेला आहे. तीन निरुपयोगी वस्तू एका रेषेत आल्या की त्यांचा उपयोग कळतो. हे प्रमाण. बागेत हिंडणारी श्वापदे ज्या भयाला जन्म देतात ते भयच दार बंद करावयास लावते, आणि बंद दारच घात साधते. भय, भ्रम आणि पुरावा ही एकाच घराची तीन रूपे आहेत.

या कथेत भारतीय वाचक मात्र एका जागी अडखळतो. मारेकरी डॉक्टर कलकत्त्यास होता, आणि त्याची जनावरे हिंदुस्थानातून आणविलेली आहेत. परंतु कथेतील 'बबून' जातीचे वानर आफ्रिकेत आणि अरबस्तानात आढळते, आपल्याकडे नव्हे. 'स्वॅम्प ॲडर' या नावाचा साप आपल्या सर्पशास्त्राला अपरिचित आहे. आणि सापाला दुधावर वळण लावता येते ही समजूत नागपंचमीपुरतीच खरी. 'साइन ऑफ फोर' या १८९० मधील कादंबरीत आग्र्याच्या किल्ल्यातील शिखाचे नाव 'महोमेत सिंग' असे आहे. या चुका दाखविण्यात डॉइलची निंदा करण्याचा हेतू नाही. त्यांच्यामागील वाङ्मयीन व्यवहार महत्त्वाचा आहे. इंग्रज वाचकाला सरेमधील घर परिचित होते; त्यातील झरोका कोठे उघडावयास हवा हे त्याला कळत होते. हिंदुस्थान मात्र त्याला पडताळून पाहता येत नव्हता. म्हणून प्रमाण घरातले आणि अद्भुत परदेशातले, अशी विभागणी झाली. ज्याला हिंदुस्थान परका नाही त्या वाचकाच्या बाबतीत या विभागणीचा अर्धा भाग निकामी होतो. स्थळाचा परिणाम हा लेखकाच्या वर्णनशक्तीवर जितका अवलंबून असतो तितकाच वाचक कोठे उभा आहे यावरही असतो, हा धडा येथून घ्यावा.

'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या अवधीत प्रसिद्ध झाली. राणी जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली होती. परंतु कथेचा काळ १८८९ चा असल्याने तिचा समावेश याच परंपरेत करणे योग्य ठरते. डार्टमूरचे विस्तीर्ण माळरान, त्यातील दलदल, एकमेकांपासून दूर विखुरलेली चार-पाच घरे. माळ उघडा आहे, तरी तो एका अर्थी बंद खोलीच आहे. कारण तेथे राहणारी माणसे मोजकीच, आणि संशय त्यांच्याबाहेर जाऊ शकत नाही. सर चार्ल्स ज्या वाटेवर मरण पावतो तेथे माळाकडे उघडणाऱ्या फाटकापाशी चिरूटाची राख दोनदा पडलेली आहे, म्हणजे तो तेथे काही मिनिटे थांबला होता. पुढे पावलांचे ठसे फक्त चवड्यांचे आहेत, म्हणजे तो धावत होता. हे सर्व भूमीने सांगितले.

परंतु या कादंबरीतील सर्वांत मोठी शक्ती हेत्वाभासाची आहे. घराण्याला राक्षसी कुत्र्याचा शाप आहे, ही कथा त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मारेकऱ्याला दंतकथा रचावी लागली नाही. ती भूमीने तयारच ठेवली होती. त्याने फक्त तिच्याआड आपले कृत्य लपविले. प्रदेशाजवळ मृत्यूचे एक आयते स्पष्टीकरण असते, ते सर्वांना पटते, आणि पटते म्हणूनच पुढे कोणी विचारीत नाही. शोधकर्त्याचे पहिले कार्य त्या स्पष्टीकरणाला नकार देणे हे असते. आणि अखेरच्या रात्री धुके माळावरून सरकत येऊन होम्सचीच योजना उधळू पाहते तेव्हा, 'ब्लीक हाउस'मधील रूपकात्मक धुके येथे कथानकातील एक कर्ते बनले आहे हे स्पष्ट दिसते.

४

आता मराठीकडे वळावयाचे. एकोणिसाव्या शतकातील आपली कादंबरी अद्भुतरम्यतेतून निघाली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' १८६७ पासून 'विविधज्ञानविस्तारा'त येऊ लागली आणि १८७१ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. तिचे नावच एका किल्ल्याचे आहे. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची जी रूपांतरे केली त्यांनी मराठी वाचकांच्या एका संपूर्ण पिढीला वेड लावले. रेनॉल्ड्स हा डिकन्सचा समकालीन. 'मिस्टरीज ऑफ लंडन' ही त्याची मालिका १८४४ पासून आठवड्याला एक पेनी किमतीस विकली जात होती.

'कालिकामूर्ति' हे दातारांच्या रूपांतराचे नाव येथे उद्बोधक आहे. मूळ कादंबरीच्या नावात कांस्याची मूर्ती आहे आणि तिचा संबंध कुमारी मेरीशी आहे. रूपांतरकाराने तिच्या जागी कालिका आणली. हा बदल वरवरचा नव्हे. मध्ययुरोपातील ख्रिस्ती मूर्तीविषयी मराठी वाचकाच्या मनात कोणताही संस्कार नव्हता. कालिकेविषयी भक्तीही होती आणि धाकही होता. म्हणजे दातारांनी वस्तूचे नव्हे तर उद्दीपनाचे भाषांतर केले, आणि ते अचूक केले. गुहा, भुयार, मूर्ती ही सामग्री आपल्या भूमीत मुळातच होती. म्हणून ती सहज रुजली.

प्रमाणाचे भाषांतर मात्र इतके सुलभ नव्हते. याचे कारण वास्तुरचनेत शोधावे लागते. व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी घरात प्रत्येकाची स्वतंत्र शयनगृहे, त्यांना आतून कुलपे, मधून लांब बोळ, नोकरांचा वेगळा जिना, आणि त्यांना बोलाविण्यासाठी घंटेची दोरी असे. खासगीपणा ही त्या घराची मूळ कल्पना, आणि बंद खोलीचे रहस्य हे त्या खासगीपणाचेच अपत्य. आपल्या वाड्यात दिंडी दरवाजा बंद झाला की वाडा बाहेरच्या जगाला बंद. पण आत सारे खुले. ओसरीवर पुरुषमाणसे, माजघरात बायकामुले, चौकात सर्वांचा वावर. आतून कडी लावून एकट्याने निजण्याची जागा शोधूनच काढावी लागे. मुंबईतील चाळीत तर सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि पातळ भिंती. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, गिरण्यांभोवती अनोळखी माणसांची वस्ती दाटली, म्हणजे महानगराची सामग्री लंडनसारखीच होती. पण घराची सामग्री अगदी वेगळी.

अशा ठिकाणी रहस्याचा प्रश्नच उलटा होतो. इंग्रजी घरात प्रश्न असा की, कोणीच पाहिले नाही, मग घडले कसे? वाड्यात किंवा चाळीत प्रश्न असा की, सर्वांनी पाहिले, तरी कोणी बोलत का नाही? तेथे कुलूप लोखंडाचे. येथे ते जिभेला लावलेले. धान्याचे बळद, परसातील विहीर, बाळंतिणीची अंधारी खोली या वाड्यातील एकांताच्या जागा, आणि त्यांच्यावरही कोणाची ना कोणाची नजर असतेच. या नजरेच्या व्यवस्थेवर रचलेली रहस्यकथा ही मराठीची स्वतःची रहस्यकथा झाली असती.

ती त्या दिशेने फारशी गेली नाही. बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही नावे घरोघरी पोहोचविली. वाचनाची गोडी लावण्याचे त्यांचे कार्य मोठे आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांच्या कथेचा भर वेगावर, वेषांतरावर आणि नायकाच्या धाडसावर आहे. त्यांतील मुंबई ही पाठलागाची भूमी आहे; ती क्वचितच साक्षीदार होते. भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या, तेव्हा त्या लंडनमध्येच राहिल्या. आणि भाषांतरात तेच इष्ट होते. स्थळाची तिन्ही कार्ये आपल्या भूमीवर एकत्र आणण्याचे काम त्यामुळे बव्हंशी शिल्लक राहिले.

५

हे काम आपल्या भूमीवर शक्य आहे किंवा नाही, याची परीक्षा एखाद्या प्रत्यक्ष प्रदेशावर करून पाहावी. त्यासाठी जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा आणि त्याच्या आसपासचा मुलूख घेऊ. जुन्नर म्हटले की लेखकाला प्रथम शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री आठवतात. तालुक्यातील डोंगरांत दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. भुयारी कादंबरीला याहून अधिक काय हवे? पण हाच दातारशास्त्र्यांचा मार्ग. लेणी उद्दीपन देतील. गावातील आजच्या माणसाच्या जीविताशी त्यांचा रात्रंदिन संबंध नाही. त्याचे भय दुसरीकडे आहे.

ते उसात आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी आल्यावर जुन्नर-आंबेगावच्या कोरडवाहू शिवारात ऊस आला. माणसे गावठाण सोडून आपापल्या मळ्यात वस्ती करून राहू लागली. उसाच्या मागोमाग बिबट्या आला. त्याला तेथे आडोसा, पाणी आणि कुत्री-शेळ्यांची शिकार मिळाली, आणि माद्या उसातच पिले घालू लागल्या. माणसांवर हल्ले झाले, मुले गेली. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र उभे राहिले. पंपाला वीज रात्रीची असली म्हणजे शेतकऱ्याला पाणी भरावयास रात्रीच जावे लागते. हातात विजेरी, दोन्ही बाजूंस डोक्याहून उंच ऊस, मधून पाणंद. या वर्णनात एकही शब्द वातावरणनिर्मितीसाठी घातलेला नाही.

रहस्यकथेच्या दृष्टीने या स्थळाची तिन्ही कार्ये स्पष्ट आहेत. उद्दीपनाविषयी अधिक सांगावयास नको. प्रमाणाच्या दृष्टीने पाहता, नुकतेच पाणी दिलेल्या सरीत उमटलेले पाऊल मातीचा वापसा येईपर्यंत वेळ सांगते. 'मूनस्टोन'मधील ओल्या रंगाचे काम येथे ओली माती करते. शिवाय उसाला वेळापत्रक आहे. सुरू ऊस सुमारे वर्षभर उभा असतो, आडसाली त्याहून अधिक. त्या काळात तो काहीही पोटात ठेवतो. मग तोडणीची टोळी येते, कोयते चालतात, आणि चार दिवसांत शिवार उघडे पडते. बिबट्याची पिले बहुधा अशाच वेळी सापडतात. कॉलिन्सच्या वाळूप्रमाणे हे शिवारही गिळते, जपून ठेवते, आणि ठरल्या दिवशी परत करते. कारखान्याचा हंगाम कधी सुरू होणार आणि तोड कोणत्या क्रमाने येणार, हा प्रश्न अशा कथेत नुसता शेतीचा राहणार नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचे कार्य तिसरे आहे. अशा मुलखात रात्री कोणी घरी परतले नाही, तर सर्वांच्या ओठांवर एकच उत्तर येते: बिबट्या. हे उत्तर अंधश्रद्धेचे नव्हे. ते अनुभवाचे आहे, आणि बहुतेक वेळा खरेही असते. नेमके त्यामुळेच ते बास्करव्हिलच्या दंतकथेहून अधिक बळकट आहे. डार्टमूरचा कुत्रा नाकारणे शहाण्या माणसाला सोपे होते. त्याला फक्त भुतावर अविश्वास दाखवावा लागला. येथील शोधकर्त्याला जे खरोखर असते, ज्याने शेजारच्या वस्तीवरचे मूल नेले आहे, ते कारण या एका प्रसंगी मात्र लागू नाही असे दाखवावे लागेल. दुःखात असलेल्या माणसांपुढे उभे राहून हे बोलणे कठीण आहे. यात बुद्धीबरोबर धैर्याचीही परीक्षा आहे, आणि ताण म्हणतात तो याहून वेगळा नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. डॉइलने चित्ता आणि वानर बागेत सोडले, कारण हिंदुस्थान त्याला दूर होता. पुण्यात वा मुंबईत बसून कोणी लेखक जुन्नरचा बिबट्या केवळ शोभेसाठी कथेत सोडील, तर तोही तेच करील. ज्या स्थळाचे भय कोणाच्या तरी घरी प्रत्यक्ष नांदते आहे ते स्थळ वापरताना त्याचे शेत, त्याची वीज, त्याची तोड यांची माहिती लेखकाला असावयास हवी. ही केवळ नीतीची अपेक्षा नाही. ती कलेचीही आहे. कारण माहिती नसेल तर प्रमाण उभे राहणार नाही, आणि प्रमाण नसेल तर पुन्हा उद्दीपनच काय ते उरेल.

६

वरील विवेचनाचा अभ्यासकांना व्यवहारात उपयोग करावयाचा असेल, तर कोणत्याही रहस्यकथेच्या स्थळाला तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे स्थळ बदलले तर कथेतील केवळ भावच बदलतो, की उकलही अशक्य होते? हे स्थळ स्वतःवर कोणते चिन्ह धारण करते, आणि ते किती काळ टिकते? आणि, येथे राहणाऱ्या माणसांजवळ अनिष्ट घटनेचे कोणते आयते स्पष्टीकरण आहे? पहिल्या प्रश्नाने अद्भुतकथा आणि रहस्यकथा यांतील सीमारेषा सापडेल. दुसऱ्याने कथेच्या रचनेची तपासणी होईल. तिसऱ्याने त्या समाजाच्या मनाचा तळ दिसेल. या प्रश्नांच्या आधारे दातारशास्त्री व अर्नाळकर यांच्या वाङ्मयाचे पुनर्वाचन कोणी विद्यार्थी हाती घेईल, तर करमणुकीचे म्हणून आपण बाजूस ठेवलेल्या या ग्रंथराशीतून मराठी वाचकाच्या भयाचा एक शतकाचा नकाशा हाती लागण्यासारखा आहे.

लंडनच्या लेखकांनी आपल्या नगरीतील धुके पाहिले तेव्हा प्रथम ते त्याला घाबरले, मग त्याचे रूपक केले, आणि शेवटी त्यातून चालत जाऊन पलीकडचे दार शोधले. या तीन पावलांना त्यांना अर्धे शतक लागले. आपली रहस्यकथा पहिल्या पावलावर पुष्कळ काळ रेंगाळली. पुढचे पाऊल टाकण्यासाठी तिला परक्या धुक्याची आवश्यकता नाही. तिच्या दाराशी ऊस उभा आहे.